दर महिन्याच्या ११ आणि २० तारखेला बसणारं ऑफिसचं नेटवर्क

सांगलीतल्या एका कर सल्लागारांच्या ऑफिसातून मला दर महिन्याला ठरल्या दिवशी फोन यायचा. १० तारीख उजाडली की एकदा, मग १८-१९च्या सुमारास पुन्हा. तक्रार तीच: टॅली अडकतंय, प्रिंटर मध्येच गायब होतोय, सामाईक फोल्डर उघडायला गेलं की नेटवर्क पाथ सापडत नसल्याचा संदेश येतोय. २१ तारखेला सगळं आपोआप सुरळीत. जीएसटीचं काम करणाऱ्यांना या तारखांचा अर्थ सांगायला नको. दरमहा रिटर्न भरणाऱ्यांचा जीएसटीआर-१ ११ तारखेपर्यंत जावा लागतो आणि ३बी २० तारखेपर्यंत. म्हणजे ज्या दिवशी सगळे एकदम कामाला बसतात, नेमकं त्याच दिवशी नेटवर्क बसतं.

पहिले दोन-तीन महिने मी फोनवरूनच मशीन बंद-चालू करायला सांगून वेळ निभावली. ते मला आजही खटकतं, कारण त्या काळात त्यांनी बराच खर्च करून टाकला. इंटरनेटचा प्लॅन वाढवला, अँटिव्हायरस बदलला, टॅलीचा डेटा असलेल्या मशीनमध्ये रॅम टाकली. "दादा, आता सर्व्हरच नवा घेऊन टाकू का?" असं ऑफिसच्या मॅडमनी विचारलं, तेव्हा मी म्हटलं, मॅडम, आजचा दिवस थांबा, मी येतो.

तुमच्याकडेही नेटवर्क एरवी ठीक चालत असेल आणि गर्दीच्या दिवशीच बसत असेल, तर काहीही विकत घेण्याआधी पुढची तपासणी करून बघा.

आधी इंटरनेट बाजूला काढा

टॅलीचा डेटा ऑफिसातल्याच एका मशीनवर असतो. इंटरनेटची वायर काढून ठेवली तरी शेजारच्या टेबलावरून तो उघडायला हवा. जीएसटी पोर्टल अडकलं तर इंटरनेटवर किंवा पोर्टलवर संशय घेणं ठीक. पण भिंतीपलीकडच्या मशीनवरची फाइल उघडत नसेल, तर प्लॅन कितीही वाढवा, फरक पडणार नाही. ऑफिसातलं नेटवर्क आणि बाहेरचं इंटरनेट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी प्रत्येक ठिकाणी सांगतो आणि सांगत राहणार, कारण सगळ्यात जास्त पैसा याच गोंधळात वाया जातो.

तपासायचं असं. कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि सर्व्हर मशीनच्या, म्हणजे टॅलीचा डेटा असलेल्या मशीनच्या, आयपी पत्त्याला (नेटवर्कवरच्या त्याच्या क्रमांकाला) सतत पिंग लावून ठेवा. पिंग म्हणजे समोरचं मशीन उत्तर देतं का आणि किती वेळात देतं हे बघणारी आज्ञा. त्याच वेळी दुसऱ्या मशीनवरून एखादी मोठी फाइल, ५०० एमबीची तरी, सर्व्हरवर कॉपी करा. वायरने जोडलेल्या निरोगी नेटवर्कवर पिंगचं उत्तर साधारण १ मिलिसेकंदात येतं. कॉपी चालू असताना थोडं वाढेल. ते शंभर-दोनशेवर जात असेल, किंवा मध्येच 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' दिसत असेल, तर दुखणं ऑफिसाच्या आतच आहे.

कॉपीचा वेग त्याहून जास्त बोलका असतो. विंडोज तो दर सेकंदाला किती एमबी असा दाखवतं. आकडा ११ च्या आसपास अडकला तर वाटेत कुठेतरी १०० एमबीपीएसचा दुवा आहे: १०० मेगाबिट म्हणजे १२.५ मेगाबाइट, त्यातलं थोडं पाठवणीच्या वेष्टनात जातं. सगळी वाट गिगाबिटची असेल तर हाच आकडा ११० पर्यंत चढतो. डिस्क जुनी असेल तर तिच्या वेगापाशी थांबतो. आणि आकडा १ च्या आसपास रेंगाळत असेल, तर कुठेतरी १० एमबीपीएसची जुनी वस्तू बसली आहे किंवा दोन टोकांचं डुप्लेक्स जुळत नाही. डुप्लेक्सचं पुढे सांगतो.

मॅडमच्या ऑफिसात पुढच्या खोलीतल्या मशीनांवर ११ येत होता. मागच्या खोलीतल्या चारही मशीनांवर १ सुद्धा धड नव्हता.

कागदावर वायरींचा नकाशा

मग मी एक कोरा कागद घेतला आणि प्रत्येक वायर कुठून निघते, कुठे पोचते ते काढत गेलो. टेबलाखाली वाकून, कपाटं सरकवून. तास-सव्वा तासाचं काम आहे, पण छोट्या ऑफिसातले निम्म्याहून अधिक दोष माझ्या अनुभवात या कागदावरच दिसतात, कुठलंही यंत्र न लावता.

मुख्य स्विचमधून, म्हणजे ऑफिसातल्या वायरी जिथे जुळतात त्या पेटीतून, मागच्या खोलीकडे एकच वायर जात होती, आणि मागे चार मशीनं व स्कॅनरवाला प्रिंटर चालत होता. म्हणजे मध्ये एखादी पेटी असणारच. ती कुठे आहे हे ऑफिसात कोणालाच आठवेना. शेवटी फायलींच्या रॅकमागे सापडली: आठ पोर्टची (वायर खोचायच्या आठ जागांची), धुळीने माखलेली, तिचा अडॅप्टर एक्स्टेन्शन बोर्डाला लोंबकळतोय. समोर बाकीच्या दिव्यांपेक्षा वेगळा एक दिवा होता, त्याखाली सीओएल ही तीन अक्षरं. तो दिवा जवळजवळ विझतच नव्हता.

तो हब होता. मोठा स्कॅनर आला तेव्हा पोर्ट कमी पडला, म्हणून कोणीतरी माळ्यावरची जुनी पेटी काढून जोडली होती. दिवे लागले, वेबसाइट उघडली, सगळ्यांना वाटलं काम झालं.

हब काय करतो, आणि तो तारखा कशा पाळतो

हब म्हणजे गावातली दवंडी. एका पोर्टवर जे संकेत येतात ते तो बाकीच्या सगळ्या पोर्टांवर जसेच्या तसे फेकतो. निरोप कोणाचा आहे हे त्याला कळत नाही. ज्याचा नाही ते मशीन ऐकतं आणि सोडून देतं. दवंडी चालू असताना इतरांनी गप्प राहायचं असतं, तसं हबवर एका वेळी एकाच मशीनने बोलायचं असतं. बोलत असताना दुसऱ्याचं ऐकता येत नाही. याला हाफ डुप्लेक्स म्हणतात. दोन मशीनं एकदम बोलली की टक्कर होते, दोघांचंही पाठवलेलं वाया जातं, मग दोघंही थोडा थोडा वेळ, अंदाजाने ठरलेला, थांबून पुन्हा प्रयत्न करतात. अशी टक्कर हा बिघाड मानत नाहीत. इथरनेटच्या मूळ रचनेतच तिची सोय आहे. सीओएलचा दिवा त्याच टकरींचा.

आता तारखांचं कोडं सुटतं. २५ तारखेला मागच्या खोलीत एखादंच मशीन नेटवर्क वापरत असतं, मग टक्कर कोणाशी होणार? ११ तारखेला चौघंही टॅलीत असतात आणि त्यात स्कॅनर ४० एमबीची पीडीएफ सर्व्हरवर पाठवत असतो. १० एमबीपीएसच्या हबवरून ४० एमबी जायला एकही टक्कर न होता ३२ सेकंद लागतात. तेवढा वेळ बाकीचे चौघं त्याच अरुंद वाटेवर घुसायला बघत असतात, टकरी वाढतात, ३२ चे साठ-सत्तर होतात. टॅलीसारखं सॉफ्टवेअर सर्व्हरशी सतत लहान लहान देवाणघेवाण करत असतं आणि प्रत्येक उत्तराची वाट बघतं. म्हणून सगळ्यात आधी तेच अडकतं, आणि दोष त्याच्या माथी जातो.

स्विचची पद्धत वेगळी. येणाऱ्या प्रत्येक फ्रेमवरचा, म्हणजे माहितीच्या तुकड्यावरचा, पाठवणाऱ्याचा मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा ओळख क्रमांक) तो वाचतो आणि कोण कुठल्या पोर्टवर बसलंय याची नोंद ठेवतो. पुढच्या वेळी त्या पत्त्यासाठी काही आलं तर ते फक्त त्याच पोर्टवर सोडतो. नोंद नसेल तर मात्र त्यालाही एकदा सगळीकडे पाठवावं लागतं. बराच वेळ कोणी बोललं नाही तर तो नोंद पुसतो. बहुतेक स्विचांत ही मुदत ३०० सेकंदांची असते. स्विच आणि मशीन यांच्यामधली वायर त्या दोघांचीच असल्यामुळे बोलणं आणि ऐकणं एकाच वेळी चालतं, आणि टकरींचा प्रश्नच उरत नाही.

पहिला इथरनेट स्विच १९९० साली बाजारात आणणाऱ्या अमेरिकन कंपनीचं नाव होतं कल्पना. विनोद भारद्वाज हे तिच्या संस्थापकांपैकी एक. त्या स्विचला सात पोर्ट होते. १९९४ मध्ये सिस्कोने ही कंपनी विकत घेतली. नेटवर्किंग शिकायला येणाऱ्या मुलांना मी हे आवर्जून सांगतो.

म्हणून 'हब घेऊ की स्विच' या प्रश्नाला माझं उत्तर एका शब्दाचं आहे: स्विच. इथरनेटची मानकं ठरवणाऱ्या आयईईईनेही २०११ पासून नव्या जोडणीत हब वापरू नये असंच म्हटलं आहे. दुकानात आजही 'आठ पोर्टचा हब द्या' म्हटलं तर दुकानदार स्विचच काढून देतो, बोलण्यात तो शब्द राहून गेलाय इतकंच. खरा धोका जुन्या बाजारात आणि आपल्याच माळ्यावर असतो. ओळखायची खूण म्हणजे पेटीवर छापलेला हब हा शब्द, टकरींचा वेगळा दिवा, आणि अनेकदा अपलिंकचं, म्हणजे दुसऱ्या पेटीला जोडण्यासाठीचं, एक छोटं दाबायचं बटण.

कोणता स्विच घ्यायचा

पोर्ट मोजताना फक्त कॉम्प्युटर मोजू नका. मॅडमकडे नऊ कॉम्प्युटर, एक प्रिंटर, इंटरनेटचा राउटर, वायफायचा ॲक्सेस पॉइंट, बोटाच्या ठशाने हजेरी घेणारं मशीन आणि कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर, असे एकूण १४ निघाले. "आठचे दोन घेतले तर?" असं त्यांनी विचारलं. आठचे दोन स्विच एकमेकांना जोडले की दोन्हीकडचा एकेक पोर्ट जोडणीतच जातो, हातात उरतात बरोबर १४. उद्या एक लॅपटॉप आला की पुन्हा कोणीतरी माळ्यावर चढणार. शिवाय एका स्विचवरच्या सगळ्यांना दुसऱ्यावरच्या सर्व्हरकडे जायला एकच वायर. म्हणून १६ पोर्टचा एकच स्विच, एका जागी, आणि मागच्या खोलीतल्या प्रत्येक मशीनपासून त्याच्यापर्यंत सरळ वेगळी वायर, असं ठरवलं. तांब्याच्या वायरीची मर्यादा १०० मीटर असते; इथे सगळ्यात लांबची वायर २२ मीटरची निघाली. वायर ओढायच्या कामाला लोक का-कू करतात, पण एकदा ओढली की पुढची कितीतरी वर्षं बघावं लागत नाही. भाड्याच्या जागेत भोक पाडताच येत नसेल, तर मागच्या खोलीत छोटा गिगाबिट स्विच ठेवायला हरकत नाही. फक्त त्याच्या मागे तिसरा नको.

वेग गिगाबिटचाच घ्या. १०० एमबीपीएसचे स्विच अजून विकले जातात, पण स्कॅन केलेल्या फायली आणि बॅकअप रोजचे झाले असताना ते घेण्यात मला अर्थ दिसत नाही. खोक्यावर स्विचिंग क्षमता लिहिलेली असते. १६ पोर्ट, प्रत्येकी १ गिगाबिट, जाता-येता दोन्ही बाजूंनी, म्हणजे ३२ जीबीपीएस. आणि सेकंदाला सुमारे २ कोटी ३८ लाख पॅकेट्स. यापेक्षा कमी आकडा असेल तर तो स्विच सगळे पोर्ट एकदम भरल्यावर दमणार.

मॅनेज्ड (आत शिरून सेटिंग बदलता येणारा) की अनमॅनेज्ड (नुसता जोडला की चालणारा)? दहा-पंधरा मशीनांच्या ऑफिसला, जिथे कॅमेरे आणि पाहुण्यांचं वायफाय वेगळं करायचं नाही, तिथे अनमॅनेज्ड पुरतो. पण देखभाल करणारा माणूस दुसऱ्या गावात असेल, तर ब्राउझरमधून बघता येणारा स्विच घ्यावा असं माझं मत झालंय. प्रत्येक पोर्टवर किती फ्रेम खराब आल्या याचा आकडा तो दाखवतो, आणि एकाच पोर्टचा आकडा वाढत असेल तर ती वायर खराब आहे हे घरबसल्या कळतं. बाकी धातूची पेटी, आत पंखा नाही, आणि वीजपुरवठा आतच बसवलेला असेल तर उत्तम. बाहेरचे अडॅप्टर अदलाबदल होतात. पिन बसते म्हणून ५ व्होल्टच्या पेटीला १२ व्होल्टचा अडॅप्टर लावलेला मी पाहिलाय.

कॅमेरे त्याच वायरीवरून विजेवर चालवायचे असतील तर पीओई लागेल, आणि तिथे पोर्टपेक्षा एकूण वॅट बघायचे. जुन्या ८०२.३एएफ मानकात एका पोर्टला १५.४ वॅटपर्यंत मिळतात. आठ पोर्ट म्हणजे १२३.२. खोक्यावर एकूण ६० लिहिलं असेल तर आठही पोर्टांना पूर्ण वीज मिळणार नाही. दिवसा चालणारे कॅमेरे रात्री एकेक करून बंद पडत असतील तर पहिला संशय यावर घ्या: अंधारात इन्फ्रारेड दिवे लागतात आणि मागणी वाढते.

स्विच नवा, तरी दोन मशीनं शंभरवरच

नवा स्विच बसला, टॅली पळायला लागलं, पण पुढच्या खोलीतली दोन मशीनं १०० एमबीपीएसच्या वर जाईनात. विंडोजमध्ये नेटवर्क अडॅप्टरच्या स्टेटसमध्ये हा वेग लिहिलेला असतो, आणि स्विच बदलल्यावर प्रत्येक मशीनवर तो बघायलाच हवा. या दोघांची वायर एकच होती. आधीच्या वायरमनने एका केबलमधल्या चार जोड्यांपैकी दोन एका मशीनला आणि दोन दुसऱ्याला दिल्या होत्या. १०० एमबीपीएसला १, २, ३ आणि ६ या चारच पिना लागतात, त्यामुळे इतकी वर्षं हे खपून गेलं. गिगाबिटला आठही तारा लागतात. नवी केबल टाकली आणि दोन्ही टोकं एकाच क्रमाने मारली: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी.

केबल घेताना ती पूर्ण तांब्याची आहे का ते विचारा. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त केबल बाजारात भरपूर आहे. तार सुरीने खरवडली की आतला चंदेरी रंग दिसतो. ती वाकवताना तुटते, आणि पीओईची वीज तिच्यातून नेली की जास्त तापते. वाचलेले पैसे वायरमनच्या दुसऱ्या फेरीत जातात.

डुप्लेक्सचं राहिलं होतं. नेटवर्क कार्डाच्या सेटिंगमध्ये कोणी '१०० फुल डुप्लेक्स' असं हाताने ठरवून ठेवलं असेल, तर समोरच्या ऑटोवर असलेल्या स्विचला वेग ओळखता येतो पण डुप्लेक्स ओळखता येत नाही, आणि तो हाफवर जातो. मग पिंग व्यवस्थित आणि कॉपी मात्र रखडते. दोन्ही टोकं ऑटोवर ठेवा, एवढंच.

एका सकाळी सगळंच बंद

महिनाभराने पुन्हा फोन. यावेळी तारीख ४ होती आणि एकही मशीन चालत नव्हतं. स्विचचे सगळे दिवे एकाच लयीत, वेड्यासारखे लुकलुकत होते. असं दिसलं की चक्र झालंय समजा. आदल्या दिवशी साफसफाईत एक सुटी वायर लोंबताना दिसली म्हणून कोणीतरी तिचं मोकळं टोक स्विचमध्ये खोचलं. दुसरं टोक आधीच त्याच स्विचमध्ये होतं. सगळ्यांसाठी पाठवलेला एक निरोप त्या चक्रात शिरला की फिरतच राहतो, त्याच्या प्रती वाढत जातात आणि काही क्षणांत बाकी कशालाच जागा उरत नाही. यावरचा उपाय, चक्र ओळखून जादा वाट बंद ठेवणारी स्पॅनिंग ट्री ही पद्धत, अमेरिकन संगणकतज्ज्ञ रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्येच रचला. पण साध्या अनमॅनेज्ड स्विचमध्ये तो नसतो. काही मॉडेलांत चक्र ओळखून पोर्ट बंद करण्याची सोय असते, मिळाली तर ती घ्या. नाहीतर सगळ्या वायरी काढून एकेक लावत जायचं. जी लावल्यावर दिवे पुन्हा उसळतात ती दोषी. कागदावरचा नकाशा असला तर हे काम पाच मिनिटांचं.

काही मशीनं चालतात, काही नाहीत, आणि न चालणाऱ्यांचा आयपी पत्ता वेगळ्याच मालिकेतला दिसतोय, असं असेल तर घरचा जुना वायफाय राउटर कोणी आणून जोडलाय का ते बघा. तो आपल्या मर्जीने पत्ते वाटत असतो. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर मशीनला पत्ता देणारं कोणी भेटलंच नाही; आधी वायर तपासा.

स्विच आणि राउटर दोन्ही यूपीएसवर घ्या. नुसते कॉम्प्युटर यूपीएसवर ठेवून उपयोग नाही, लाइट गेली की टॅलीचा दुवा तुटतोच आणि चालू नोंद अडकते. आणि दोन वेगळ्या इमारतींमध्ये तांब्याची वायर टाकू नका. वळवाच्या विजांत अशा वायरीच्या दोन्ही टोकांचे पोर्ट जळालेले मी एकापेक्षा जास्त वेळा बदललेत. तिथे फायबर (काचेची तार) आणि दोन टोकांना दोन मीडिया कन्व्हर्टर (तांब्याच्या वायरीला फायबरशी जोडणाऱ्या पेट्या) लावा. काचेतून वीज येत नाही.

मॅडमच्या ऑफिसात वायरींचा नकाशा आता स्विचच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला आहे, प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना तोच क्रमांक. जुना हब त्यांच्या मदतनिसाने पुसूनबिसून पिशवीत घातला आणि विचारलं, "दादा, चालू आहे ना हा? माळ्यावर ठेवू का?" मी तो मागून घेतला, वायर कापली आणि ई-कचऱ्यात दिला.